थुंकी निगेटिव्ह आली, वजन वाढलं, पण माणूस आतून पार खचलाय. टीबीच्या गोळ्यांनी असं होतं का?

बागेतली_वहिनी (तासगाव तालुका)

आमच्या यांना एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी निघाला, त्याला आता वर्ष होत आलं. दीड एकर द्राक्षबाग आहे, ती सध्या दीर बघतात. अठरा महिन्यांचा कोर्स सांगितलाय, त्यातली बेडाक्विलीन पहिले सहा महिने होती ती संपली, आता लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन आणि सायक्लोसेरीन चालू आहेत, नावं सगळी पाठ झालीत मला. कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघतात तो रिपोर्ट बरेच महिने निगेटिव्ह येतोय, खोकला नाही, ताप नाही, वजन वाढलंय, केंद्रावर गेलं की सगळे म्हणतात झकास चाललंय.

घरात मात्र वेगळंच आहे. रात्र रात्र झोपत नाहीत, दोन-तीन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारतात. शेजारचे बोलत बसले की म्हणतात माझ्याबद्दलच चाललंय. परवा भाजीत काहीतरी मिसळलंय म्हणून ताट सरकवलं आणि उठून गेले. व्यापाऱ्याशी दरावरून तासभर हुज्जत घालणारा माणूस, आता फोन वाजला तरी उचलत नाही. क्लोफाझिमिननं अंग काळंतांबूस पडलंय, येणारा-जाणारा प्रत्येकजण 'किती काळा पडलास रे' म्हणतो, तेव्हापासून आरशासमोर दाढी करायचं सोडलंय, दाढी तशीच वाढलीय.

आणि सासूबाई. जुन्या वळणाच्या आहेत, मनानं वाईट नाहीत. पण यांचं ताट-वाटी-तांब्या अजून वेगळं, ताटाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, मिसळू नये म्हणून. जेवण पुढच्या खोलीत एकट्याला. मुलगी सहा वर्षांची आहे, ती बापाकडं धावली की तिला मागं ओढतात. हे काही बोलत नाहीत, नुसतं बघतात.

गेल्या पंधरवड्यात दोनदा म्हणाले, 'माझं एकदा झालं की तुम्ही सगळी सुटाल.' मला रात्री झोप नाही तेव्हापासून.

हे आजारानं होतंय, गोळ्यांनी होतंय, का माणूसच बदलला? टीबीच्या डॉक्टरांना सांगू का डोक्याच्या डॉक्टरांकडं नेऊ? दीर म्हणतात तिकडं नेलं तर गावात बभ्रा होईल, आधीच टीबीचा झालाय. कोर्स मधेच बिघडू नये एवढीच भीती आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कवठेकर

वहिनी, घरात बसून बसून माणूस असाच होतो. छाटणी चालू असेल तर बागेत न्या, चार माणसांत मन रमेल.

बागेतली_वहिनी

नेलं होतं ओ भाऊ. बांधावर बसून राहिले. मजुरांच्या चहात यांच्यासाठी वेगळा कप काढला तो बघितला आणि न बोलता घरी निघून आले. त्यानंतर वाटेकडं फिरकले नाहीत.

फिरतीवरची_सिस्टर (सांगली जिल्हा, टीबीच्या कामात बरीच वर्षं)

ताई, तुमचं वाचलं आणि पहिली नजर सायक्लोसेरीनवरच गेली. ही गोळी मेंदूवर परिणाम करते, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं पण पेशंटच्या घरच्यांना कुणी नीट सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. झोप उडणं, उदास वाटणं, चिडचिड, विसरभोळेपणा, संशय येणं, भास होणं, जीव नकोसा वाटणं, क्वचित फीट येणं, हे सगळं त्या गोळीनं होऊ शकतं. सगळ्यांनाच होत नाही पण ज्यांना होतं त्यांच्या घरात नेमकं तुम्ही लिहिलंय तसंच चित्र असतं. म्हणून 'माणूसच बदलला' असं धरून बसू नका. सांगितलं तर यावर करण्यासारखं असतं: डोस कमी करता येतो, गोळी काही दिवस थांबवून बघता येते, बदलून दुसरी देता येते. सोबत ब-६ म्हणजे पायरिडॉक्सिन चालू आहे ना ते बघा, ते चुकवायचं नाही. आणि सायक्लोसेरीन किडनीवाटे बाहेर पडते, किडनी मंद असेल तर अंगात साठते, म्हणून क्रिएटिनिन परत तपासायला सांगा.

पण हात जोडून सांगते, घरच्या घरी गोळी बंद करू नका. चारातली एक काढली की उरलेल्या तिघींवर भार येतो आणि जंतू त्यांनाही दाद देईनासा होतो, मग पुढं हातात औषधंच कमी उरतात. काय बदलायचं ते डीआर-टीबी सेंटरचे, म्हणजे असा दाद न देणारा टीबी बघणारे डॉक्टर ठरवतील, तालुक्याच्या टीबी सुपरवायझरना फोन केला तरी ते पुढं कळवतात.

दुसरं, आणि हे कुणी सांगायचं विसरेल म्हणून ठळक सांगते. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं जाल तेव्हा टीबीची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊनच जा. लिनेझोलिड चालू असताना डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या एकत्र चालत नाहीत, दोन्ही मिळून अंगात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं, ताप, थरथर, घाबरं होणं असं होऊन जिवावर बेतू शकतं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत पाहिजेत. जुनी उरलेली झोपेची गोळी, कुणी ओळखीच्यानं दिलेली गोळी, काहीही परस्पर देऊ नका.

घेत असतील तर दारू पूर्ण बंद, सायक्लोसेरीनवर दारू म्हणजे फीटला आमंत्रण. लिव्होफ्लॉक्सासिननंही काहींची झोप जाते, ती कधी घ्यायची हेही विचारा.

जायच्या आधी वहीत लिहून ठेवा, कोणत्या रात्री झोपले नाहीत, काय बोलले, कधीपासून. डॉक्टरांसमोर पेशंट 'मी बरा आहे' एवढंच म्हणतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. तुम्ही आधी एकट्या आत जाऊन सांगा, तसं मागायला लाजू नका.

आणि निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते पैसे खात्यावर येतात का? नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झालेत. रक्कम मोठी नाही पण घरात बसलेल्या कमावत्या माणसाला आपल्या नावावर काहीतरी येतंय याचाही आधार वाटतो, माझ्या बघण्यातलं आहे.

मिरजेतून (मानसोपचार विभागात समाजसेवक)

मी फक्त त्या एका वाक्यावर लिहितो, 'माझं एकदा झालं की तुम्ही सुटाल'.

याला नुसतं वैतागून बोललंय असं समजू नका. आज संध्याकाळीच शांतपणे सरळ विचारा, 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' लोकांना वाटतं विचारलं तर नको ते डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. 'होय' म्हणाले तर रागावू नका, शपथा घालू नका, मुलीचा चेहरा आण डोळ्यापुढं असलं काही बोलू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा. रात्रीची वेळ असेल, हाताबाहेर जातंय असं वाटलं तर १०८.

तुमच्याकडं बाग आहे म्हणजे फवारणीची औषधं घरात किंवा शेडमध्ये असणार. ती दिरांना आजच दुसरीकडं हलवायला सांगा, कुलूप घाला, चावी तुमच्या घरात ठेवू नका. घरात गवगवा न करता हे होऊ शकतं. टीबीच्या गोळ्यासुद्धा महिन्याच्या एकदम त्यांच्या हातात न देता रोजच्या रोज तुम्ही द्या.

फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. तुम्हालाही झोप नाही असं लिहिलंय, ते मी वाचलंय.

दिरांना सांगा, सिव्हिलमधला मानसोपचार विभाग हा इतर ओपीडीसारखाच आहे, केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. गावात सांगायचंच असेल तर 'टीबीच्या गोळ्यांचा त्रास दाखवायला गेलो' म्हणा, आणि ते खरंही आहे.

अजिंक्यतारा_सकाळी (सातारा)

ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या जागी होतो. माझा कोर्स जुना, दोन वर्षांचा, तेव्हा कानामायसिनचं इंजेक्शन असायचं, त्यानं माझा डावा कान कायमचा मंद झाला, अजून त्यात सारखं वाजत असतं. सायक्लोसेरीन मलाही होती. मला भास झाले नाहीत पण कशाचंच काही वाटेनासं झालं. भावाचं लग्न झालं त्यात मी बसलो होतो आणि मला ना आनंद ना दुःख, कुणाचं तरी लग्न टीव्हीवर बघतोय असं. घरचे म्हणायचे एवढं करतो आम्ही, याच्या तोंडावर हसू नाही. मला सांगता येत नव्हतं की मी हसू दाबून धरलेलं नाही, ते येतच नाहीये. शेवटी केंद्रावरच्या एका सरांनी माझ्या आईला बाजूला घेऊन नीट विचारलं, डोस बदलला, मानसोपचारवाल्यांकडं पाठवलं, आणि हळूहळू, म्हणजे एकदम नाही, काही आठवड्यांनी मला चहाची चव लागायला लागली.

पण सगळं गोळ्यांवर ढकलू नका, हे मी जोर देऊन सांगतो. गोळी बदलली तरी ते वेगळं ताट राहिलं तर अर्धं दुखणं तसंच राहणार. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटातून नाही, कपड्यातून नाही, हात हातात घेतल्यानं नाही. आणि त्यांचं कल्चर इतके महिने निगेटिव्ह आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर सुरुवातीला मला वाटलं आता सगळे जवळ येतील, पण घरात कुणी काही बदललंच नाही, तेव्हा मी मनात म्हटलं म्हणजे हे आजाराला घाबरत नव्हते, मलाच घाबरतात. ही गोष्ट माणसाला जी लागते ना ती एक्स-रेत दिसत नाही.

सासूबाईंचाही दोष म्हणवत नाही. त्यांच्या आईवडिलांच्या काळात टीबी म्हणजे माणूस घराबाहेर काढायचा आजार होता. आपल्याकडं पाचगणीला बेल-एअर, तुमच्या सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला सॅनेटोरियम, माणसं महिनोन्महिने तिकडं राहायची, काही परत यायची, काही नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ ला सापडलं, तोवर टीबीवर खरं औषधच नव्हतं, भर सगळा मोकळी हवा, खाणं आणि विश्रांती यावरच. ती भीती घराघरात उतरलीय. म्हणून तुम्ही सांगून ऐकणार नाहीत, त्यांना एकदा केंद्रावर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. माझ्या आजीला असंच नेलं होतं. आल्यावर काही बोलली नाही, पण रात्री भाकरी करताना मला चुलीजवळ बसायला सांगितलं.

रंगाचं म्हणाल तर क्लोफाझिमिनचा काळेपणा कोर्स संपल्यावर उतरतो पण सावकाश, कित्येक महिने लागतात, कुणाला त्याहून जास्त. हे त्यांना आधीच सांगा नाहीतर कोर्स संपल्यावरही तसाच रंग बघून परत खचतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्हीच आधी तोंडावर सांगा, 'औषधाचा रंग आहे, जाणार आहे', म्हणजे त्यांना उत्तर द्यावं लागणार नाही.

आणि एक पुढचं. कोर्स संपला की लोक पेढे वाटतात आणि विषय मिटला म्हणतात, माझा खरा त्रास तिथून सुरू झाला. रोज केंद्राचा फोन यायचा, कुणीतरी विचारायचं, ते एकदम बंद. जरा खोकला आला की आला परत. अजिंक्यतारा चढताना धाप लागली की छातीत धस्स व्हायचं, मी अर्ध्यातून उतरून घरी यायचो. नंतर कळलं की टीबी बरा झाला तरी फुफ्फुसात जुने वण राहतात आणि धाप त्यानंही लागते, तो आजार परत आलेला नसतो. कोर्सनंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी असते, ती चुकवू नका, शंका मनात कुढत ठेवण्यापेक्षा तिथं जाऊन विचारलेली बरी. आता मी पूर्ण चढतो, दोनदा थांबतो, पण चढतो.

इस्लामपूरची_लेक

माझा अनुभव टीबीचा नाही, कोविडचा आहे, पण वाचून राहवलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये आमच्या इस्लामपूरचं नाव सगळ्या टीव्हीवर होतं, बाहेरगावी फोनवर गाव सांगायला आम्ही कचरायचो. वडील पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आयसीयूत होते. घरी आले तेव्हा ऑक्सिजन व्यवस्थित, रिपोर्ट व्यवस्थित, आणि रात्री ओरडत उठायचे, म्हणायचे शेजारच्या कॉटवरचा माणूस बोलावतोय. आयसीयूत गेलेल्या बऱ्याच पेशंटना नंतर असं होतं हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कुणी बोललं नाही. आम्ही आधी वाटेल ते केलं, उतारा टाकला, नारळ फोडला, मग एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूलाही आजारपणातून उठायला वेळ लागतो. झोपेची वेळ ठरवली, रात्री बारीक दिवा चालू ठेवला, औषध दिलं, बरेच महिने लागले पण माणूस परत आला.

वहिनी, घरात कुणी देवरुषाकडं न्यायचं म्हणत असेल तर भांडत बसू नका, पण गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नका आणि आधी सिव्हिल गाठा.

कवठेकर

वहिनी, मजुरांचं मी वाचलं. मुकादम ओळखीचा असेल तर त्याला आधी गाठा, बाकीचे त्याचं ऐकतात. आमच्या चुलत्यांना टीबी होता तेव्हा मुकादमच त्यांच्याबरोबर एका डब्यात जेवायला बसला होता, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

बागेतली_वहिनी

सगळ्यांचे आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. काल जाऊन आलो म्हणून सांगते.

परवा रात्रीच यांना विचारलं, मिरजेच्या दादांनी सांगितलं तसं, सरळ. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले 'येतं मनात, पण पोरीकडं बघून थांबतो.' मी रडले नाही, कशी काय रडले नाही माझं मला माहीत नाही. दिरांना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि त्याच रात्री शेडमधली औषधं मित्राच्या गोडाऊनला नेली. बभ्रा होईल म्हणणारा माणूस सकाळी सहाला गाडी काढून दारात उभा होता.

केंद्रावर आधी मी एकटी आत गेले, वही दाखवली. डॉक्टरांनी पूर्ण वाचली. सायक्लोसेरीन सध्या थांबवलीय, बाकी चालू, पुढं त्याऐवजी काय द्यायचं ते सेंटरवरून कळवणार आहेत. क्रिएटिनिन आणि थायरॉईड तपासायला रक्त घेतलं. तिथूनच चिठ्ठी घेऊन मानसोपचारला गेलो, लिनेझोलिडचं मी सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं आणि दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. झोपेसाठी थोडं दिलंय, आठवड्यानं परत बोलावलंय, रात्री एकटं ठेवायचं नाही म्हणालेत. संशय अजून आहे, गाडीत मागं बसून कोण पाठलाग करतंय का बघत होते. डॉक्टर म्हणाले उतरायला वेळ लागेल, एकदम अपेक्षा ठेवू नका.

सासूबाई बरोबर होत्या. तिथल्या सिस्टरनी त्यांना खुर्चीत बसवून समजावलं, एकत्र जेवायला हरकत नाही म्हणून. बाहेर येऊन म्हणाल्या 'बघू'. सध्या एवढंच.

आता एक विचारायचं राहिलं. यांचं निघालं तेव्हा घरातल्या सगळ्यांचा एक्स-रे काढला होता, मुलीचाही, काही नव्हतं. आता परत काढायचा का? आणि शाळेत सांगावं लागेल का?

फिरतीवरची_सिस्टर

ताई, फार बरं झालं लगेच गेलात. नवीन सहा महिन्यांचा बीपाल्म कोर्स आलाय, त्यात सायक्लोसेरीन नसते, कुणीतरी तुम्हाला त्याचं सांगेल, पण चालू कोर्स मधेच बदलायचा का हे सेंटरलाच ठरवू द्या, सगळ्यांना तो देता येत नाही.

मुलीची तपासणी एकदा करून सोडायची नसते. पुढच्या वेळी केंद्रावर जाताना तिला घेऊन जा. वजन, भूक, खोकला, ताप, मानेत गाठ हे बघतील आणि गरज वाटली तरच एक्स-रे. वजन वाढायचं थांबलं किंवा दोन आठवडे खोकला-ताप राहिला तर तोवर थांबू नका. टीबी होऊ नये म्हणून काही औषध तिला द्यायचं का हेही तिथंच विचारा, वडिलांचा एमडीआर आहे म्हणून ते वेगळं ठरवतात. शाळेत सांगायची काही गरज नाही, तिला आजार नाही. जाताना तिचा जुना एक्स-रे आणि वजनाची नोंद असलेलं कार्ड तेवढं बरोबर ठेवा.